रंजनाने पुसून काढलेलं मशीन

टोकावड्याला रस्त्यालगत एका संस्थेचा टीबीचा दवाखाना होता. मी तिथे औषधं द्यायचो आणि रंजना कॉम्प्युटर सांभाळायची. ती मूळची खर्डीजवळच्या वाडीतली. शहापूरला कॉम्प्युटर शिकली आणि टोकावड्यात मावशीकडे राहून नोकरीला लागली. बोलायची कमी, पण कामात घाण दिसली की तिचा चेहराच बदलायचा.

दर सोमवारी ती पेशंटची यादी छापायची. ती घेऊन दवाखान्याची सेविका सकुबाई पाड्यापाड्यांवर जायची, यादीतल्या माणसाला समोर गोळी गिळायला लावायची आणि नावापुढे खूण करायची.

आमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेससकट सगळे प्रोग्रॅम सीडीवरच्या तयार पॅकेजांमधून बसवलेले होते आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजातून आली, याची नोंद मशीन स्वतःच ठेवायचं. २००३ च्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या ओळखीचा विनोद नावाचा इंजिनिअर डोंबिवलीहून शनिवारी मदतीला यायला लागला. हुशार माणूस, पण त्याला तयार काही आवडायचंच नाही.

"हे पॅकेजमधलं जुनं आहे," तो म्हणाला. "मी डेटाबेसचा नवा सोर्स, मूळ कोड, आणलाय. इथेच कंपाइल करून प्रोग्रॅम बनवतो."

दुपारभर स्क्रीनवर ओळी धावत राहिल्या. संध्याकाळी नवा डेटाबेस सुरू झाला. त्याने जुनी माहिती त्यात उतरवली आणि निघायला लागला.

"जुना काढायचा नाय का?" रंजनाने विचारलं.

"राहू दे गं, काय बिघडतंय? नवा चालतोय ना!"

चालला खरा, पाच आठवडे. या काळात दाखल झालेले एकोणीस पेशंट रंजनाने नव्या डेटाबेसमध्येच घातले. गणपती उठल्यावर एके दिवशी वीज गेली. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, पण नवा डेटाबेस विनोदने हाताने सुरू केलेला होता, तो आपोआप उठला नाही. उठला तो पॅकेजमधला जुना. स्क्रीन तीच, तिच्यावरच्या चौकटी त्याच. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. जुन्यात ती एकोणीस माणसं नव्हतीच.

सोळा दिवसांनी त्या एकोणीसांतली ठकी आली. पाड्यावरून चालत रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने. पायरीवर बसून ती इतकी खोकली की तिला पाणी पाजायलाही जमेना.

"माजी गोळी बंद केली का?" तिने विचारलं. "सकू पाड्यावर आली, पन माज्या दारात नाय आली."

सकुबाई तिथेच होती. "तुजा नाव यादीत नाय गो. मला वाटला, तुला मोठ्या दवाखान्यात धाडलाय."

रंजनाने ठकीचं नाव शोधलं. नव्हतं. ती उठली, माझ्याकडचं कागदी रजिस्टर उघडलं आणि बोटाने ओळी मोजत गेली. मग मशीनवर बसून तासाभरात तिने सगळं उलगडलं. मी मागे उभा होतो. एकाच नावाचे दोन डेटाबेस, दोन जागी, दोन वेगळ्या आवृत्त्यांचे. काही फाइली पॅकेजच्या, काही विनोदच्या, एकमेकींत मिसळलेल्या. विनोदच्या फाइलींची मशीनला नोंदच नव्हती आणि सोर्सचं फोल्डर तो पुसून गेला होता, त्यामुळे त्याने काय कुठे टाकलं हे कळायला मार्ग नव्हता.

"शी!" ती म्हणाली. "उष्ट्या ताटात ताजा भात वाढलाय, आनि आमी इतके दिवस तोच वाढतोय."

तिने पीसीओवरून विनोदला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "अगं, मशीन सुरू होताना काय उठवायचं, त्या बूट स्क्रिप्टचा विषय आहे. शनिवारी येतो, दोन मिनिटांचं काम."

फोन ठेवल्यावर रंजनाने घाण लागल्यासारखे हात ओढणीला पुसले. "दोन मिन्टांचा काम म्हनतो," एवढंच बोलली. तिला त्याचीच नव्हे, स्वतःचीही किळस आली होती. दोन सोमवार तिने स्वतःच्या हाताने यादी छापली होती आणि आकडा ताडून पाहिला नव्हता.

शुक्रवारपर्यंत तिने दोन्हीकडची माहिती काढून रजिस्टरशी ताडली. सकुबाई तोवर त्या एकोणीस नावांसकट हाताने लिहिलेली यादी घेऊन फिरली. मग रंजनाने मशीन पूर्ण पुसलं आणि सीडीवरून पुन्हा बसवलं, फक्त पॅकेजं.

शनिवारी विनोद आला. स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "परत जुनंच? सरक, मी कंपाइल करून देतो."

"पासवर्ड बदललाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी याला हात नाय लावायचा. जुना असू दे, पन एकच असू दे."

"तुला यातलं कळत नाही गं."

"ठकीला सांगा तसा. गोळीला आलीय, बाहेर बसलीय."

तो बाहेर गेला, पण ठकीशी न बोलता गेटकडे वळला. पुढे कधी आला नाही.

डॉक्टरांनी ठकीचा कोर्स लांबवला. दिवाळीनंतर सगळा पाडा कामाला वीटभट्टीवर गेला, तेव्हा तिचा नवरा एकटाच गेला. गोळ्यांसाठी ती मागे राहिली. होळीपर्यंत तिच्या अंगावर जरा मांस चढलं. तेव्हा रंजना मुद्दाम तिच्या पाड्यावर जाऊन आली.

"काय बोलली ती?" मी विचारलं.

"मशीनला काय कळताय, म्हनली. मी म्हनलं, मशीन नाय, आमी चुकलो. ती उठून शेळीला पाला घालायला गेली."