शरणप्पाच्या नावाची हाक

निजामाच्या राज्यात १९४६ साली शेतकऱ्यांचा जो मतदारसंघ होता, त्याची हद्द नकाशावर काढता येत नाही. तेव्हाचे मतदारसंघ गावांचे नव्हते, धंद्यांचे होते. सारा भरणारा पट्टेदार एका संघात, व्यापारी दुसऱ्यात. करजगीचा पट्टेदार आणि चाळीस कोसांवरचा कुणी अनोळखी पट्टेदार एका यादीत आले, आणि शेजारच्या बांधावरचा सालगडी कुठल्याच यादीत आला नाही.

करजगीच्या यादीत शरणप्पाचं नाव होतं. शरणप्पा मात्र गावात नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो भीमेच्या काठानं निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या गिरणीत गेला. ‘सुगीला येतो’ म्हणाला. पहिल्या वर्षी बायकोला, मल्लव्वाला, लुगडं आलं. मग काहीच नाही.

मल्लव्वा नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. तशी रीतच होती. ते नाव मोठ्यानं उच्चारलं जाई ते फक्त चावडीवर, सारावसुलीच्या दिवशी. पट्टेदार गावी नसला तर घरच्यानं त्याची काठी नेऊन ठेवायची, म्हणजे तो हजर. पटवारी श्रीपतराव हाक मारत, “शरणप्पा!” मल्लव्वा काठी पुढं सरकवी आणि त्या हाकेसाठी पुढचं वर्षभर थांबे.

शेहेचाळीस साली चावडीवर मतदारांची यादी वाचली तेव्हाही काठी हजर होती. म्हणून नाव यादीत टिकलं.

“अण्णा, यादीतल्यांनी कुठं जायाचं?” तिनं पटवाऱ्यांना विचारलं.

“अफजलपूरला. मत द्यायला.”

“सरकारनंच बोलावलंय म्हणा की.”

“व्हय.”

मल्लव्वानं त्यातून एवढंच घेतलं, की सरकारची हाक सोलापूरपर्यंत जाईल आणि अफजलपूर तर नवऱ्याच्या येण्याच्या वाटेवरच आहे. मतदानाच्या दिवशी ती जवारी राखायचं सोडून काठी घेऊन निघाली.

“वैनी, काठीला मत द्यायला नेताव काय?” दीर हावगेप्पा हसला.

“तुमच्या थोरल्या भावाला द्यायला नेतेय. हात रिकामा बरा दिसंल का त्यान्ला?”

हावगेप्पाचं हसू गेलं.

अफजलपूरच्या कचेरीत मत द्यायला फारसं कुणी आलं नव्हतं. मल्लव्वा दाराशी बसली. सोलापूरकडून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला उठली, पुन्हा बसली. ऊन कलल्यावर कारकून कागद बांधायला लागला, तेव्हा तिनं काठी त्याच्या मेजावर ठेवली.

“ये क्या है, अम्मा? काठीचं मत घेता येत न्हाई.”

“मत नगं, साहेब. करजगीचं एक नाव ऱ्हायलंय. तेवढी हाक मारा.”

“कुणाचं?”

तिनं यादीकडं बोट केलं. मग म्हणाली, “वाचा की. मी सांगते कुठलं ते.”

कारकुनानं एकेक नाव वाचलं. एका नावावर तिनं मान हलवली. त्यानं दाराकडं तोंड करून हाक दिली, “शरणप्पाऽ!” बाहेर एक बैलगाडी चालली होती. गाडीवानानं वळून पाहिलं आणि बैल हाकले.

पुढच्या साली पट्टा हावगेप्पाच्या नावावर झाला. “भाऊ आला तर परत करीन,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण चावडीवर आता त्याचं नाव पुकारलं जाई. शरणप्पाचं नाव फक्त त्या मतदारयादीत उरलं. मल्लव्वा अधूनमधून ताकाचं मडकं घेऊन श्रीपतरावांकडं जाई. ते काही न विचारता पेटीतली यादी काढत आणि ते नाव वाचत.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर मल्लव्वा श्रीपतरावांकडं आली तेव्हा पेटी उघडी, रिकामी होती.

“जुने कागद तालुक्याला गेले, मल्लव्वा. तो मतदारसंघच संपला. आता सगळ्यांचीच नावं नव्यानं लिहितील. तुझंबी.”

“माझं काय करायचंय, अण्णा?”

श्रीपतराव म्हणाले, “मला ते नाव पाठ हाय. म्हणू का?”

तिनं मान हलवली, नको. ताकाचं मडकं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि नदीकडच्या दाराकडं बघून, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं स्वतःच हाक मारली, “शरणप्पा.”

आवाज फार लांब गेला नसावा. श्रीपतरावांनी मान खाली घातली आणि रिकामी पेटी मिटली.