गॉलवेची भरती आणि माझं चुकलेलं उत्तर

१. मी न्यूझीलंडमधल्या हॉर्नबीची इंजिनियर, कामासाठी आयर्लंडला आले आहे. आज सुट्टी होती, म्हणून गॉलवे शहर फिरले.

२. इथे ओहोटीत एका बेटापर्यंत चालत जाता येतं. दुपारी परतताना त्या वाटेवर बेटाकडे निघालेले एक मराठी काका भेटले. पुतण्या न्यूझीलंडमध्येच, पापाकुराला असतो म्हणाले.

३. "पाणी कधी चढतं गं?" त्यांनी विचारलं. मी फोन पाहून सांगितलं, "अजून तीन तास आहेत, काका."

"इंजिनियर सांगतेय म्हणजे प्रश्नच मिटला!" हसत ते पुढे गेले.

४. मी किनाऱ्यावर कॉफी घेतली. तासाभराने पाहिलं, तर वाट पाण्याखाली होती.

माझं भरतीचं ॲप अजून घराजवळच्या लिटलटन बंदराच्या वेळा दाखवत होतं. घरून निघताना बदलायचं राहिलं.

मी लगेच बचाव पथकाला बोलावलं. बोट बेटाभोवती फिरून आली, कुणी दिसलं नाही. काका आधीच परतले असतील, असं पथकातले लोक म्हणतात. मी त्यांना परतताना पाहिलेलं नाही. नावही विचारलं नव्हतं.

राखाडी टोपी, निळं जॅकेट, हातात काळी छत्री. तुमचे काका असतील, तर त्यांना आत्ता फोन लावा. मी शुक्रवारपर्यंत इथे आहे. त्याआधी मला कळवा.