पांढऱ्या फडक्याची गाठ

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. सिल्वासाजवळ मसाटच्या एका सूत कारखान्याच्या गेटवर मी एकोणतीस वर्षं काढली. पाळी सुटली की एकेकाचा डबा उघडायचा, पिशवी चाचपायची, ट्रकच्या सीलचा नंबर कागदाशी ताडून बघायचा. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, माझ्याच मुलखातले. "भाऊ, गाववाल्याची पण झडती?" म्हणायचे. मी म्हणायचो, "गाववाला आहेस म्हणून दोनदा." रिटायर झालो तरी खोड गेली नाही. बायको म्हणायची, "हे देवळात गेले तरी पुजाऱ्याची थैली बघतील."

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं, तेव्हा मुलीने मला इंग्लंडला बोलावून घेतलं. सिल्वासात मी अगदीच एकटा पडलो होतो. एकच माणूस जवळचं होतं, दोन गल्ल्या सोडून राहणारा माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. पण त्याच्याशी मीच बोलणं तोडलं होतं. ते का, ते सांगतो पुढे.

मुलीचं घर एका लहानशा खेड्यात. पहिल्याच रविवारी सकाळी ती म्हणाली, "पप्पा, चला, जंगलात फिरून येऊ." जावई नातवाला घेऊन घरीच थांबला. मला तिथेच खटकलं. सुट्टीचा दिवस, ऊन छान पडलंय, मग सगळ्यांनी का नाही जायचं? निघताना मी तिची पिशवी उचलली. उचलली म्हणजे काय, चाचपलीच. थर्मास, बिस्किटं आणि कप. माणसं दोन आणि कप तीन. आधी बघून ठेवायचं आणि नंतर विचारायचं, ही माझी जुनी रीत.

जंगलाला लाकडी फाटक होतं. कुलूप नाही, वॉचमन नाही, नाव लिहायला वही नाही. "मग फाटक लावलं कशाला?" मी विचारलं. एरवी अशा बोलण्यावर ती खळखळून हसते. आज नुसतं "चला" म्हणाली.

आत गेलो आणि मला ती जागा अजिबात आवडली नाही. आपल्याकडे खानवेलच्या बाजूला सागाच्या रानात गेलं तर कुठून तरी कुऱ्हाडीचा आवाज येतो, बायका मोळ्या घेऊन येताना दिसतात, गुरं असतात. इथे कुणीच नाही. वाळलेली लाकडं जागच्या जागी पडलेली, वर शेवाळ चढलेलं, आणि न्यायला कुणी आलेलं नाही. एवढं सरपण फुकट सोडून देतात म्हणजे इथे काहीतरी भानगड असणार, असंच मनात आलं. पक्षीसुद्धा हळू आवाजात बोलत होते. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

समोरून एक म्हातारा कुत्रा घेऊन आला. ओळख ना पाळख, माझ्याकडे बघून हसला. मग मुलीशी हळूच काहीतरी बोलला, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेला.

"तुला ओळखतो?"

"दर रविवारी भेटतो."

"दर रविवारी? तू दर रविवारी इथे येतेस? एकटी?"

"हो."

"जावयाला माहीत आहे?"

"माहीत आहे, पप्पा. हळू चला, मुळं आहेत."

झालं! माझ्या डोक्यात नाही नाही ते सुरू झालं. तिसरा कप कुणाचा? पोरगी दर रविवारी कुणाला भेटायला येते? आणि जावई सगळं माहीत असून घरी पोर सांभाळत बसतो, तो कसला नवरा? एकुलती एक पोर आहे ती माझी.

एका जाड बुंध्याच्या झाडाखाली ती थांबली. ओक म्हणाली. खाली बसून तिने तीन कप मांडले, चहा ओतला, एक मला दिला, एक स्वतः घेतला. तिसरा हळूच झाडाच्या मुळाशी ओतला.

"आईचा," म्हणाली.

मला वाटलं, आठवण म्हणून करते बिचारी. जीव भांड्यात पडला. तिची आई या नातवाच्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा रोज सकाळी इथे येऊन बसायची. सूत गुंडाळायच्या मशीनवर तिने वीस वर्षं काम केलं, घरघर रात्रीसुद्धा कानातून जायची नाही. फोनवर मला म्हणाली होती, "अहो, इथे बसलं की कान धुतल्यासारखे वाटतात." मी म्हणालो होतो, "एकटी जात जाऊ नकोस, कुणाचा भरवसा नाही." दुसरं काही बोलायला सुचलंच नव्हतं मला.

"आठवण नाही, पप्पा," मुलगी म्हणाली. "आई इथे आहे. थोडी."

मी कप खाली ठेवला.

आता ते सांगायला हवं. राख सावडून आम्ही अस्थी आणल्या त्याच दिवशी दुपारी मुलगी इंग्लंडहून पोचली. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मडकं दारासमोरच्या कडुनिंबाला टांगलं होतं. तोंडाला पांढरं फडकं मी स्वतः बांधलं होतं, साधी सरळ गाठ. मेहुण्याचं म्हणणं होतं, बहिणीला तिच्या माहेरच्या तापीत सोडू. मी म्हणालो, नाशिक. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर मडकं हातात घेतलं आणि पाहतो तर गाठ माझी नाही! दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. मेहुणा जन्मभर पॅकिंग खात्यात होता, ती गाठ त्याची. सील तुटलं की माझं डोकं फिरतं. सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "चोरून तापीवर न्यायच्या होत्या ना? दे झडती." त्याने एक शब्द न बोलता थैली उलटी केली, खिसे बाहेर काढले. काही निघालं नाही. तरी मी त्याला चोर म्हणालो. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही.

"मी घेतल्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही झोपला होतात. मी मडक्याला धरून रडत होते. मामांनी गाठ सोडली आणि म्हणाले, घे तुझ्या वाटणीची आई. क्रीमच्या डबीत आणल्या मी."

ती बॅग मीच टॅक्सीत ठेवली होती. हजारो बॅगा तपासल्या, ती एक तेवढी तपासली नाही.

मी भडकलो. "मातीत? अगं, वाहत्या पाण्यात सोडायच्या असतात! अर्धी इथे अडकवून ठेवलीस तिला!" त्या शांततेत माझा आवाज मलाच नकोसा झाला. "आणि मग मामा गप्प का बसला? सांगून टाकायचं होतं माझ्या तोंडावर."

"मी सांगणार होते. मामांनी शपथ घातली. म्हणाले, दाजी माझ्यावर रागावले तर चालेल, तुझ्यावर रागावले तर त्यांना कोण उरेल? मला नाही राहवत आता, पप्पा. मामी म्हणतात, मामा तुमच्या गल्लीतून जायचं टाळतात, लांबून बाजारात जातात." मग डोळे पुसून तिने विचारलं, "मी मागितल्या असत्या तर दिल्या असत्या तुम्ही?"

खोटं कशाला बोलू? नसत्याच दिल्या. तसं मी सांगितलं. माझा चहा गार झाला होता, तो मी प्यायलो.

उठताना मी त्या झाडाच्या मुळाशी हात घालून मूठभर माती घेतली, रुमालात बांधली. ती माती सामानात घालून मी इंग्लंडहून सिल्वासापर्यंत आणली आणि वाटेत कुणीही हटकलं नाही. गेटवर मी असतो तर पकडलं असतं.

आलो त्याच संध्याकाळी मेहुण्याच्या दारात उभा राहिलो. त्याने दार उघडलं, मला पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "या दाजी, आत या."

"आत नाही येता येत," मी म्हणालो आणि पिशवी त्याच्यापुढे उघडून धरली. "झडती घे माझी."

रुमाल पाहून त्याला कळलं. पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडलो, लपवण्यासारखं काय होतं त्यात. मग त्याच्या बायकोने एक छोटं मडकं आणून दिलं, पांढरं फडकं दिलं. उद्या पहिल्या गाडीने तापीवर जायचं ठरलं. तोवर मडकं त्याच्या दारातल्या शेवग्याला टांगायचं होतं. त्याने फडकं माझ्या हातात दिलं.

"नको," मी म्हणालो. "गाठ तू मार."