मगदूम सरांचं पारणं

धरणेंद्र मगदूम सरांनी वारणाकाठच्या एका हायस्कुलात तीसएक वर्षं इंग्रजी शिकवलं. एवढ्या काळात आपण इंग्रजी बोलणारा एकही माणूस तयार केला नाही, हे ते स्वतःच सांगत. कारणही सांगत. "बोलायचं कुणासंगं? म्हशीसंगं?" मुलं पास व्हायची, कारखान्यात किंवा पलटणीत लागायची आणि रस्त्यात भेटली की अस्सल सांगली बोलीत विचारायची, "सर, बरं हाय न्हवं?"

त्यांना खरे विद्यार्थी मिळाले ते निवृत्तीनंतर, आणि तेही चीनमध्ये. चारजणी. चौघीही साठी ओलांडलेल्या. त्यातली एक त्यांची विहीण.

त्याचं असं झालं. सरांचा मुलगा आर्जव कुपवाडच्या एका कंपनीत होता. पंपांचे सुटे भाग तपासून घ्यायला कंपनीनं त्याला निंगबोला धाडलं, तीन महिन्यांसाठी. ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. तिथं त्यानं मेई नावाच्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा सरांच्या पत्नी राजमतीबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "पोरगी रात्रीची जेवती का?" जैनाच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही; बाकी सगळं जमवून घेता येतं. आर्जव म्हणाला, "शिकंल." राजमतीबाईंनी तेवढ्यावर होकार दिला. कोविडच्या साली त्या गेल्या. आर्जवला येता आलं नाही. त्यानंतर विमानं बंद होती, मग व्हिसा बंद होता, मग दोन्ही चालू झालं आणि सुट्टी बंद झाली.

मधल्या काळात नात झाली. नाव सरांनीच कळवलं, ब्राह्मी. आर्जव आणि मेई दोघंही कामावर, त्यामुळं पोरगी दिवसभर मेईच्या आईकडे आणि तिला भाषा एकच येणार, आजीची. इकडचं फोनचं ॲप तिकडं चालत नाही, तिकडचं इकडं बंद, म्हणून आर्जवनं कंपनीच्या मीटिंगचं ॲप बापाच्या फोनवर घालून दिलं होतं. पडद्यावर नात यायची आणि बातम्या देणाऱ्या माणसाकडं बघावं तसं सरांकडं बघायची. सर मराठीत बोलले, तिनं बघितलं. इंग्रजीत बोलले, तिनं बघितलं. आर्जव मध्ये पडून इकडचं तिकडच्या भाषेत करून सांगायला लागला की ती उठून जायची. एवढं मात्र होतं की सरांना ती 'येये' म्हणायची. स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाई म्हणाल्या, "बगा, पोरगी बोलावतीया तुमास्नी." चिनीत बापाच्या बापाला तसंच म्हणतात, हे सरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. भामाबाईंचं मत बदललं नाही.

मग सरांनी एक दिवस विचार करून शेजारच्या आप्पासो चौगुल्यांना सांगितलं, "पोरगी आठ पार आजीच्या मांडीवर. म्हंजे रस्ता आजीच्या दारावरनंच जातोय. आजीला इंग्रजी शिकवायचं."

आप्पासो ऊसवाले. त्यांनी विचारलं, "आनी आजी न्हाई शिकली तर?"

"माझ्या हाताखाली कोण शिकलंय आजवर? तरी शिकवलंच की."

संध्याकाळी जेवण उरकून, अजून ऊन असतानाच, सर सोप्यावर फोन तांब्याला टेकवून बसायचे. निंगबोत तेव्हा रात्र पडलेली असायची. एका दिवसाला एक शब्द. आधी अर्थ, मग वापर, मग शब्द आला कुठून. हे तिसरं त्यांना शाळेत अभ्यासक्रमानं कधी करू दिलं नव्हतं. नुसता अर्थ सांगून शब्द देणं म्हणजे माहेर न सांगता सून घरात आणणं, असं त्यांचं मत होतं. विहीणबाईंना शाळेतलं थोडं मोडकं इंग्रजी येत होतं, अडेल तिथं त्या कोश उघडायच्या आणि मन लावून शिकायच्या. आठवड्याभरात त्यांनी बागेत व्यायामाला येणाऱ्या तीन मैत्रिणी आणल्या. ब्राह्मी कडेला बसून चित्रं रंगवायची आणि मध्येच एखादा शब्द आजीच्या आधी म्हणून टाकायची. सर तिकडं बघायचे नाहीत. पाखरू अंगणात उतरल्यावर माणूस हलत नाही, तसे बसून राहायचे.

श्रावणात 'ब्रेकफास्ट' आला.

अर्थ सोपा होता. विहीणबाई म्हणाल्या, आमच्यात त्याला लवकरचा भात म्हणतात. वापरातही अडचण नव्हती. ब्रेकफास्ट 'ईट' करण्यापेक्षा 'हॅव' करावा, एवढंच. मग सर उगमाकडं वळले. पूर्वी इंग्रजही साधं सकाळचं अन्नच म्हणत. पुढं कधीतरी त्यांना वाटलं, रात्रभर पोटात काही नाही म्हणजे तो उपासच, आणि सकाळी तो सोडायचा. फास्ट म्हणजे उपास, ब्रेक म्हणजे सोडणं. गंमत अशी की 'डिनर' हा शब्दही मुळात उपास सोडण्याचाच, फ्रेंचांकडून आलेला. म्हणजे इंग्रज माणूस सकाळी उपास सोडतो आणि रात्री पुन्हा सोडतो. मध्ये धरतो कधी, याचा उल्लेख कोशात नाही.

इथवर सगळं कोशाप्रमाणं होतं. पण उपास सोडणं म्हटल्यावर सरांना पारणंच दिसणार. त्यांनी विहीणबाईंना समजावून सांगितलं की उपास आपल्या हातानं सोडायचा नसतो. दुसऱ्यानं प्रेमानं घास द्यावा लागतो. पहिला घोट, पहिला घास, दुसऱ्याच्या हातचा. त्याशिवाय ते पारणं नव्हे आणि ब्रेकफास्टही नव्हे. चौघींनी ते लिहून घेतलं.

चारच दिवसांनी आर्जवचा फोन आला. "अण्णा, काय शिकवलंय तुमी ह्यांना? सासूबाई रोज सकाळी माझ्या तोंडात बळंच अंडं कोंबत्यात. म्हणत्यात, तुझ्या वडलांचा नियम हाय."

सरांनी विचारलं, "अंडं?"

"उदाहरण म्हणून सांगितलं."

"बागेतल्या बायका काय करत्यात?"

"त्या एकमेकींना भरवत्यात. लोक फोटो काढायलेत."

सरांना आपण चुकीचा उगम सांगितला असं वाटलं नाही. उलट, तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांचं इंग्रजी आचरणात आणलं होतं.

फोन ठेवता ठेवता आर्जव म्हणाला, "अण्णा, यंदा चतुर्दशीला येतो म्हंतोय. ब्राह्मीला घेऊन."

भाद्रपदातले पर्वाचे दहा दिवस आणि शेवटी अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपास सरांनी कधी चुकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले की राजमतीबाई उंबऱ्याशी मुगाच्या कढणाची वाटी घेऊन उभ्या असायच्या. त्या गेल्यापासून मानकरी पुष्कळ झाले. उपासकऱ्याला पारणं देण्यात पुण्य असतं, त्यामुळं बस्तीतली माणसं आधीच नंबर लावायची. सर कुणाच्या तरी हातनं पिऊन घ्यायचे. मूग तेच, सुंठ तीच. पण दर वर्षी त्यांना वाटीचा काठ परका लागायचा, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

यंदा त्यांनी गावात सांगून टाकलं, कुणी नंबर लावायचा नाही, पारणं नातीच्या हातनं. वर्गात वाटी, चमचा, हळू आणि गरम हे शब्द घेतले. विहीणबाईंच्या मार्फत ब्राह्मीला सराव दिला. सांगलीला जाऊन तिच्या हाताला बसेल एवढी लहान चांदीची वाटी आणली. आप्पासोंनी ती उलटसुलट करून बघितली. "सर, ह्यात दोन घोट बी मावणार न्हाईत."

"एक मावला तरी बास हाय."

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आर्जवचा फोन आला. ब्राह्मीच्या कागदांवर कुठलातरी शिक्का राहिला होता. विमान गेलं. पुढच्या वर्षी नक्की, असं तो म्हणाला. सर म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. बस्तीत लोकांना वाटलं, सर यंदा फारच एकाग्र झालेत.

पारण्याच्या सकाळी सर दर्शन घेऊन आले. भामाबाईंनी कढण तयार ठेवलं होतं. सोप्यावर पाच-सहा माणसं जमली होती, आणि नंबर लावायचा नाही असं ठरलेलं असूनही प्रत्येकाचा हात वाटीच्या आसपास होता. सर खुर्चीत बसले. आप्पासोंनी वाटी पुढं केली. सरांनी मान हलवली.

"आवं सर, डोळं गेलं की आत. घ्या."

"घेतो की."

पण घेतलं नाही. कढण गार झालं. भामाबाईंनी आत नेऊन गरम करून आणलं. माणसं एकेक करून उठली. आप्पासो तेवढे राहिले. कशाची वाट बघायची हे सरांनाही माहीत नव्हतं. यायचं कुणी राहिलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर विहीणबाई आणि त्यांच्या पुढ्यात ब्राह्मी. आर्जव कामावर गेला होता. विहीणबाईंनी जुळवून ठेवलेलं वाक्य एका दमात म्हटलं. त्यांनीही काल रात्रीपासून काही खाल्लेलं नव्हतं. "नो फूड," त्या म्हणाल्या. "नो वॉटर." मग जरा थांबून, खरं सांगणं भाग असल्यासारखं, "टी. लिटल टी."

ब्राह्मीच्या हातात चमचा होता. तो तिनं सरळ कॅमेऱ्यावर आणला. पडदा पांढरा झाला.

सरांनी आप्पासोंकडं बघितलं. "द्या आता."

आप्पासोंनी लहान वाटी सरांच्या ओठाला लावली. "हात माजा हाय म्हंटल्यावर पुण्य कुनाला?"

"वाटून घ्या दोगं."

सरांनी घोट घेतला. मग वाटी हातात घेऊन फोनसमोर धरली, विहीणबाईंकडं, आणि पुन्हा ब्राह्मीकडं. विहीणबाईंनी खरोखरच तोंड उघडलं. ते बघून ब्राह्मी हसली. बातम्या देणाऱ्या माणसाला बघून कुणी असं हसत नाही. ती आजीच्या मांडीवरून खाली उतरली, तोंड फोनला एवढं जवळ आणलं की नुसतं नाक दिसावं, आणि कुणी न शिकवलेलं वाक्य बोलली.

"येये, टुमारो यू कम?"

सर तिच्याकडं बघत राहिले. गेली काही वर्षं ते आर्जव येण्याची, ब्राह्मी येण्याची, विमानाची, सुट्टीची वाट बघत होते. त्यांना कुणी ये म्हटलं नव्हतं. त्यांनीही तो विचार कधी केला नव्हता. पुण्याच्या पलीकडं ते एकदाच गेले होते, श्रवणबेळगोळला, आणि ते पुण्याच्या उलट्या दिशेला आहे.

"काय म्हंती वो?" आप्पासोंनी विचारलं.

फोनकडं वाकून सर सावकाश, वर्गात म्हणायचे तसं सुटं सुटं म्हणाले, "नॉट टुमारो, बाळ." आणि मग आप्पासोंकडं वळून, "पासपोर्टाला काय काय लागतंय वो?"

"तुमास्नी? आवं, तितं रातच्याला जेवत्यात."

"मी सकाळचं जेवीन."

"आनी अंडं कोंबलं म्हंजे?"

सरांनी यावर विचार केला. पडद्यावर ब्राह्मी आजीच्या तोंडात घास घालत होती. कसला होता ते त्यांनी निरखून बघितलं नाही.

"आदी सगळं पिऊन तर घ्या," आप्पासो म्हणाले. एव्हाना कढण पुन्हा गार झालं होतं. भामाबाई ते गरम करायला आत घेऊन गेल्या.