मथुराबाईंचा बेलभंडारा

सवाई माधवरावांच्या काळी गणेश पेठेच्या टोकाला, नागझरीच्या ओढ्याकाठी गेनबा राहायचा. मूळचा लोणीचा गडी. लढाईत पाय अधू झाला, तेव्हापासून एका सरदाराच्या धान्यकोठीवर रात्रीच्या पहाऱ्याला होता. दिवसा तो झोपे, बायको सोजरबाई भाजी घेऊन बाजारात जाई आणि कोंबड्या परसात मोकळ्या फिरत.

एका वैशाखात कोंबड्या कमी होऊ लागल्या. आधी दोन पिल्लं, मग अंड्यावर यायला आलेली तलंग, मग अंड्यांवर बसलेली काबरी. गेनबाने ठरवूनच टाकलं, हे माणसाचं काम. परसामागच्या पायवाटेने मथुराबाई रोज पळसाची पानं आणायला जात. गुरवाची विधवा, पत्रावळी लावून पोट भरणारी.

पारापाशी दहा माणसांदेखत त्याने त्यांना अडवलं.

"माझ्या कोंबड्या कुठं हायत?"

"आमच्या घरात मांस शिजत नाही, गेनबा."

"खात नसशील, विकत असशील."

मथुराबाईंनी पानांची पाटी खाली ठेवली. नवऱ्याने जन्मभर ज्याची पूजा केली त्या महादेवाच्या देवळात त्या सरळ गेल्या, सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलला आणि चोरी केली नसल्याची शपथ घेतली. तरी पेठेतल्या दोन घरांनी त्यांच्याकडून पत्रावळी घेणं बंद केलंच.

आठवड्याने एका दुपारी उकाड्याने गेनबाचा डोळा लागेना. परसातल्या बाजेवर पडल्यापडल्या त्याला दिसलं, त्याच्याच कडब्याच्या गंजीखालून मुंगूस निघालं, एका पिल्लाची मान धरली आणि परत आत शिरलं. त्याने पेंढ्या उपसल्या. बिळाच्या तोंडाशी काबरीची पिसं आणि हाडं पडली होती, बाजेपासून चार हातांवर.

त्याने दगड ठोकून बीळ बुजवलं, कुंपणाला बाभळीच्या काट्या लावल्या, दुपारच्या वेळी कोंबड्या डालग्याखाली कोंडू लागला. पण कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. पायवाटेवर मथुराबाईंची चाहूल लागली की कानशिलं तापत आणि तो पाठ फिरवून बसे.

सोजरबाईने ती हाडं पाहिली होती. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "कोंबड्या मुंगसानं नेल्या. त्या बाईची अब्रू कुणी नेली?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. तो तसाच उठून पारावर गेला. मथुराबाई पाटी घेऊन येत होत्या.

"चुकलं माझं, बाई. मुंगूस होतं," तो खालच्या मानेने पुटपुटला.

"त्या दिवशी सगळ्या पाराला ऐकू गेलं होतं," मथुराबाई म्हणाल्या. "आज मलाच जेमतेम ऐकू आलं."

गेनबाने पागोटं काढून हातात घेतलं आणि मोठ्याने सांगितलं, चोर माझ्याच गंजीत होता, मी शेजारी घोरत पडलो होतो आणि ह्या बाईंना उगाच देवापुढं उभं केलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं. तेही त्याने ऐकून घेतलं. मग लंगडत त्या दोन्ही घरी जाऊन तेच सांगून आला.

एका घराने पत्रावळी पुन्हा घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्याने नाही. सोजरबाई भाजी घेऊन गेली की मथुराबाई ती ठेवून घेत, दोन शब्द बोलतही. पण परसामागची वाट त्यांनी कायमची सोडली. ओढ्यापलीकडून, लांबच्या वळशाने त्या पानांना जात, आणि त्या नजरेआड होईपर्यंत गेनबा कुंपणाशी उभा राही.