मेंढरांपाशी कोण राहिलं

डिसेंबर लागला की माझ्या मुलीच्या शाळेत एक पद्धत आहे. पालकांपैकी कुणीतरी वर्गात यायचं आणि लहान मुलांना नाताळची गोष्ट वाचून दाखवायची. यंदा ग्रुपवर विचारणा आली तेव्हा पहिलं उत्तर माझं गेलं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. मग चार पोरांसमोर पुस्तक वाचायला मी का लाजू?

वर्गाच्या बाईंनी तीन पुस्तकं घरी पाठवली, यातलं एक निवडा म्हणाल्या. एकात बर्फाचा माणूस होता. दुसऱ्यात लाल कपड्यातला म्हातारा धुराड्यातून घरात उतरत होता. तिसऱ्यात जन्माची गोष्ट होती. गोठ्यात बाळ जन्मतं, आभाळात देवदूत येऊन ती बातमी रानातल्या मेंढपाळांना सांगतो, आणि ते सगळे बाळाला बघायला धावत सुटतात.

तेव्हा माझे वडील आमच्याकडे जुळे सोलापुरात होते. सांगोल्याकडच्या रानात त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, अजून राखतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून कळप माझ्या भावाच्या हवाली करून आठ दिवस आले होते. फ्लॅटमध्ये त्यांना करमत नव्हतं. दुपारी सोफा सोडून खाली फरशीवर बसायचे आणि नात मांडीवर.

मी तिन्ही पुस्तकं एकामागून एक वाचली. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. मुलीला बर्फाचा माणूस आवडला. वडिलांना तो आवडला नाही. "उन्हाळ्यात काय करतंय हे येडं?" एवढंच म्हणाले. तिसरं पुस्तक उघडल्यावर मात्र त्यांनी ते हातात घेतलं आणि चांगल्या डोळ्यासमोर धरलं.

"हे कुटले धनगर?"

"लांबचे आहेत, आबा."

"मेंढरं धुतल्यागत दिसत्यात. एक काळं न्हाय कळपात. काठी तेवढी बरी हाय." मग पुढचं पान उलटलं. त्यावर मेंढपाळ धावत होते आणि मागे माळावर मेंढरं एकटीच उभी होती. वडील त्या पानावर थांबले. "सगळीच गेली?"

"हो. बाळ बघायला."

"आन् मेंढरांपाशी कोण?"

मी पान बघितलं. कुणीच नव्हतं.

"लांडगं काय सण बघून येतंय व्हय? एक तरी मागं राहतोच की. ज्याची पाळी त्यानं वाघर सोडायची न्हाय."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. ही पाळी आमच्यात कुणी मोडत नाही. लग्न असो, मयत असो, ज्याची पाळी तो कळपापाशी थांबतो.

"तू थांबला होतास का, आज्जा?" मुलीनं विचारलं.

"तुजी आई जन्मली तवा माजीच पाळी हुती. सांगावा आला, पोरगी झाली. बाकीची बघून आली. मी तिसऱ्या दिशी गेलो."

ही हकिकत मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली होती. ती तक्रार म्हणून सांगायची, आणि मीही ती तक्रार म्हणूनच जपून ठेवली होती. वडिलांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "पण आज्जा, मी शाळेत सांगितलंय की तुझं फार्महाऊस आहे."

वडील हसले. "हाय की. बिनभिंतीचं हाय."

मला हसू आलं नाही. फार्महाऊस पोरीच्या डोक्यात आपोआप आलं नव्हतं. पहिल्या पालकसभेत बाईंनी सहज विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, "वडिलांची गावाकडे शेती आहे." मेंढरं गिळून टाकली होती. ज्या मेंढरांच्या लोकरीवर आणि कोकरांवर माझी कॉलेजची तीन वर्षं निघाली, ती मी एका वाक्यात गिळली, आणि पोरीनं त्यावर फार्महाऊस बांधलं. पुढच्या वर्षी ती आज्ज्याला शाळेच्या फाटकाबाहेर उभं करील. तिला दोष कसा द्यायचा? सुरुवात माझी.

पुस्तक निवडून झालं होतं.

ते पुस्तक बघून शेजारीण म्हणाली, "आपल्या सणांच्या गोष्टी संपल्या का गं?" मी म्हटलं, "राखणदाराची गोष्ट आहे, वहिनी. माझ्या घरचीच आहे."

बाईंना मी जाऊन सांगितलं, तिसरं पुस्तक वाचते, पण मराठीतून सांगणार, आणि त्यात एक माणूस वाढवणार.

"मॅडम, स्टोरीत चेंज नको. आणि मेंढपाळ वगैरे मुलांना रिलेट होत नाही. स्नोमॅन घ्या ना, मुलं एन्जॉय करतात."

"बाई, सोलापुरात बर्फ रसाच्या गाड्यावर असतो. तो रिलेट होतो आणि मेंढरू होत नाही? मेंढरं तर शहराबाहेर पडलं की रस्ता अडवून उभी असतात."

"पण इंग्लिश एक्स्पोजरसाठी आपण..."

"इंग्रजी मला येतं. आधी वाचीन, मग सांगीन. दहा मिनिटं द्या."

बाई वाईट नाहीत. त्यांनी पंधरा दिली.

आदल्या दिवशी मुलीनं माझ्या नकळत एक उद्योग केला. आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो. पुस्तकावर रेघ मारलेली मी आजवर खपवून घेतलेली नाही. तर त्या एकट्या मेंढरांच्या शेजारी तिनं काळ्या स्केचपेननं एक माणूस काढला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, एका डोळ्यावर पट्टी. मला ओरडायचं होतं. मग म्हटलं, राहू दे.

वर्गात मी ते पान सगळ्यांकडे फिरवलं. "हे सगळे गेले," मी म्हटलं, "पण हा गेला नाही. याची पाळी होती."

"त्याला बाळ बघायचं नव्हतं?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

मी उत्तर देणार, तेवढ्यात आमची उठली. "बघायचं होतं. पण मग मेंढरं कोण बघणार? तो माझा आज्जा आहे. त्याचं फार्महाऊस नाहीये. मेंढरं आहेत."

मग एकानं विचारलं, "किती?"

"लई," ती म्हणाली. हा शब्द शाळेत वापरायचा नाही असं तिला मीच शिकवलं होतं.

"चावतात?"

"येडा आहेस का?"

पुढची पाच मिनिटं गोष्ट बाजूला राहिली आणि ती मेंढरांबद्दल सांगत सुटली. मी पुस्तक मिटून बसले.

निघताना बाईंनी पुस्तक चाळलं, त्या पानावर थांबल्या. "हे कुणी काढलं? शाळेचं पुस्तक आहे, मॅडम. व्हाइटनर लावावं लागेल."

"लावू नका," मी म्हटलं. "छापताना राहून गेला होता. आता पान पुरं झालं."

पुस्तक कपाटात गेलं. व्हाइटनर लागलं की नाही, ते पुढच्या डिसेंबरला मी स्वतः उघडून बघणार आहे.