विमलच्या कोड्याला दोन वाटा

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तिचंच कोडं होतं. सकाळची वेळ, ओट्यावर भाजी चिरायची पडलेली, आणि मी आपली पेन्सिल घेऊन बसलेली. अकोल्याहून तिचा मुलगा बोलत होता. "मामी... आई गेली." मी म्हटलं, "अरे, आत्ता तर तिचा कागद आला!" त्याच आठवड्यात अमरावतीला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिनं तो धाडला होता. असं काहीतरीच बोलून जातो माणूस.

विमल माझी धाकटी नणंद. मूर्तिजापूरचं ते घर तिचं माहेर आणि माझं सासर. शकुंतला, ती अचलपूरला जाणारी छोटी गाडी, स्टेशनातून निघाली की ही पोरगी भाकरी टाकून अंगणात धावायची. पुढे तिला अकोल्यात दिलं, आम्ही अमरावतीला आलो. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला, माझी मुलं नोकऱ्यांपायी लांब गेली, आणि घर असं झालं की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. तेव्हा तिनंच मला या नादाला लावलं. "वयनी, रिकामी नोको बसू. गाडी काढ!"

गाडी काढायची म्हणजे कागदावर. चौकटींची जाळी असते, वर आणि बाजूला आकडे. त्या रांगेत किती घरांतून रूळ जातो ते आकडा सांगतो. एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत एकच सलग रूळ टाकायचा. फाटा फुटायला नको, रुळानं रुळाला ओलांडायला नको. जिथे रूळ पडूच शकत नाही तिथे फुली मारत जायचं. असं कोडं पूर्वी पेपरात यायचं, पुढे बंद झालं, तर ही बाई स्वतःच करू लागली. आधी रूळ टाकायची, आकडे लिहायची, मग सगळा रूळ पुसायची, आणि जणू आपण हे कधी पाहिलंच नाही असं तोंड करून सोडवायला बसायची. वाट एकच निघते का ते बघायला! टोकाची स्टेशनं बहुतेक वेळा मूर्तिजापूर आणि अचलपूरच असायची. मी चिडवायची, "अगं, ती गाडी कधीची बंद पडली." तर म्हणे, "माह्या कागदावर त चालू हाये ना!"

आमचा एक कायदा होता. कोड्याला दोन वाटा निघाल्या की ते चुकलं. आणि चुकलं की करणारणीनं स्वतः येऊन दुरुस्त करून द्यायचं. फोनवर चालायचं नाही.

"विमल, दोन वाटा निघून राहिल्या."

"खोटं नोको बोलू, वयनी. तुलेच फुल्या मारता येत नाहीत."

"मंग ये अन् पाह्य."

बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढे ऑटोनं यायची. आल्या आल्या रबरानं खोडाखोड, मग पातोडीची भाजी, मग चार दिवस नुसत्या गप्पा... पण हात बसत गेला तसं तिचं चुकणं कमी झालं. मग गुडघ्यांनी धरलं, डोळेही गेले थोडे. मी म्हणायची, "अवं, सहज ये ना." तर म्हणायची, "सहज काय येतो? पोराले काय सांगू? कोडं त बरोबर हाये माह्यं!" कामाशिवाय कुणाला त्रास द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. मीही हट्टानं प्रत्येक कोड्यात दुसरी वाट शोधायची. सापडायची नाही. तिच्या हुशारीचा असा राग यायचा म्हणून सांगू!

तेरवी करून परत आले. कागद होता तिथेच होता. काही आठवडे मी त्याच्याकडे बघितलंच नाही. परवा मात्र बसले. फुल्या मारत मारत मधल्या भागात आले आणि थांबले. रूळ वरून वळवला तरी आकडे जुळत होते, खालून वळवला तरी जुळत होते. पुन्हा खोडलं, पुन्हा टाकलं. "दोन वाटा, विमल!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून आला.

तिची नजर चुकली असेल. डोळ्यांचं तसं झालंच होतं. पण स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय ती कागद धाडायची नाही... मग बाईच्या मनात काय होतं? विचारू कुणाला?

भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामी, तुमाले येते ना ते? करून टाका पुरं. आईले बरं वाटेल." येतं मला. मधल्या एका घरात आधीच रूळ आखून दिला की दुसरी वाट बंद होते. पेन्सिलीची एक रेघ.

नाही मारली. मारली की कोडं बरोबर झालं, कायदा मिटला. चूक आहे तोवर विमलचं येणं बाकी आहे.